ऑनलाइन पेढी : तंत्र, हिशेब आणि पत

(नवउद्योजक तरुण-तरुणी व गृहिणी यांच्यासाठी झालेल्या एकदिवसीय अभ्यासवर्गात एका ज्येष्ठ पत्रकाराने केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



‘ऑनलाइन व्यवसाय : तंत्रज्ञान आणि व्यवहार’ असा विषय संयोजकांनी मला दिला आहे. मी कला शाखेचा पदवीधर आणि व्यवसायाने पत्रकार. तेव्हा संगणकशास्त्र शिकवण्याचा माझा अधिकार नाही. परंतु गेली अनेक वर्षे लहान उद्योजकांविषयी लिहिताना त्यांच्या वह्या पाहिल्या, त्यांच्या तक्रारी ऐकल्या, कोण टिकले आणि कोणाची दारे का बंद झाली, याची नोंद ठेवत आलो. त्या नोंदींतून जे हाती लागले, तेच आज आपल्यासमोर ठेवणार आहे.

समोर बसलेल्यांत काही जण नोकरीच्या शोधात आहेत, काही नोकरी सोडण्याच्या विचारात आहेत. काही भगिनी घर सांभाळून दोन पैसे मिळवू इच्छितात. निवृत्तीनंतर भविष्य निर्वाह निधीची रक्कम हाती असलेलेही काही ज्येष्ठ दिसतात. म्हणजे येथे चर्चा कल्पनांची नाही, आपल्या घरातल्या साठवणीची आहे. म्हणून आज स्वप्नांविषयी कमी आणि हिशेबाविषयी अधिक बोलू.

शंका ओळखणे ही पहिली पायरी

लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयात चित्रकला शिकायला गेले होते. रंग ओळखण्यातील दोषामुळे तो मार्ग बंद झाला. १८८८ मध्ये बेळगावात त्यांनी सायकलींचे दुकान काढले आणि १९०३ मध्ये लोखंडी नांगर तयार केला. नांगर उत्तम होता, पण गिऱ्हाईक फिरकेना. लोखंडामुळे जमिनीत विष भिनते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पुढे १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली आणि १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक सुरू केले. कारखान्याचा माल, त्याचा वापर आणि ग्राहकाच्या शंका या निमित्ताने जन्मलेले ते पत्र पुढे मराठीतील एक मान्यवर मासिक झाले.

शंभर वर्षांपूर्वीचे हे उदाहरण मुद्दाम सांगतो. ग्राहकाच्या मनातली शंका ओळखणे आणि तिला स्पष्ट शब्दांत उत्तर देणे, हे काम तेव्हाही विक्रेत्याचेच होते आणि आजही आहे. फरक इतकाच की नांगर घेणारा शेतकरी कारखान्यात येऊन लोखंड ठोकून पाहू शकत होता. मोबाईलवर खरेदी करणारी नागपूरची गृहिणी तुमची भाजणी हुंगू शकत नाही, की तुमच्या गोधडीवरून हात फिरवू शकत नाही. तिच्या नाकाचे आणि हाताचे काम तुमच्या छायाचित्राला व चार ओळींच्या वर्णनाला करावे लागते.

संकेतस्थळ आधी नको, पंचवीस ग्राहक आधी

अनेक तरुण सुरुवातीलाच चाळीस-पन्नास हजार खर्चून संकेतस्थळ बांधून घेतात. बोधचिन्ह, छापील पत्रके, उद्घाटन सारे यथासांग होते. मालाला मागणी आहे की नाही, हे मात्र त्यानंतर कळते. क्रम उलटा हवा. आधी नात्याबाहेरचे पंचवीस ग्राहक मिळवा. मावशी, आत्या आणि शेजारच्या काकू कौतुकाने घेतात, त्यांना या गणतीत धरू नका. अनोळखी माणसाने पूर्ण किंमत देऊन घेतले आणि महिन्याभराने पुन्हा मागवले, तर मागणी आहे असे समजावे.

या पहिल्या टप्प्यासाठी लागणारी साधने जवळजवळ विनामूल्य आहेत. ‘व्हॉट्सअॅप बिझनेस’ हे २०१८ पासून उपलब्ध असलेले अॅप घ्या. त्यात मालाची सूची छायाचित्रे व किमतींसह लावता येते, नेहमीच्या प्रश्नांची उत्तरे तयार ठेवता येतात आणि ‘नवी मागणी’, ‘पैसे आले’, ‘माल पाठवला’ अशा खुणा प्रत्येक ग्राहकाच्या नावापुढे लावता येतात. त्यासाठी स्वतंत्र क्रमांक घ्या. घरचा क्रमांक धंद्याला दिला की रात्री अकरालाही चौकशीचे फोन येऊ लागतात आणि घरची मंडळी त्रासून जातात.

दुसरे साधन म्हणजे गूगलच्या नकाशावरील व्यवसायाची नोंद. तिला पैसे पडत नाहीत. दुरुस्तीचे दुकान, शिकवणी, खानावळ, शिवणकाम अशा स्थानिक सेवांना तिचा उपयोग संकेतस्थळापेक्षाही अधिक होतो. पत्ता, वेळ, सुटीचा दिवस व दूरध्वनी अचूक लिहा आणि बदलला की त्याच दिवशी दुरुस्त करा. बंद दुकानापर्यंत पायपीट झालेला ग्राहक पुन्हा सहसा येत नाही.

मागणीची खात्री पटल्यावर संकेतस्थळाकडे वळा. तेव्हा एक गोष्ट कटाक्षाने पाळा. संकेतस्थळाचे नाव, म्हणजे डोमेन, स्वतःच्या नावावर आणि स्वतःच्या ई-मेलवर नोंदवा. संकेतस्थळ करून देणारा ओळखीचा मुलगा घाईत ते स्वतःच्या नावावर घेतो. दोन वर्षांनी त्याला नोकरी लागते, तो परगावी जातो, नूतनीकरणाची सूचना त्याच्या ई-मेलवर पडून राहते आणि एके सकाळी दुकानाची पाटीच नाहीशी होते. या एका हलगर्जीपणापायी चालता धंदा अडलेला मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिला आहे. डॉट इन हे भारताचे डोमेन २००५ पासून सर्वांना सुलभपणे मिळते. २०१४ पासून देवनागरीत ‘डॉट भारत’ असेही नाव घेता येते. नाव कोणतेही घ्या, किल्ली आपल्या कनवटीला हवी. ई-मेल, समाजमाध्यमांवरील खाती आणि व्हॉट्सअॅप यांना द्विस्तरीय पडताळणी लावा. सर्व पासवर्ड एका वहीत लिहून ती वही घरातील दागिन्यांच्या जागी ठेवा.

मराठीत लिहा, पण शोधता येईल असे लिहा

छपाईच्या व्यवसायात असल्याने एक बाब मी अधिकाराने सांगू शकतो. अनेक वर्षे आपण मराठी मजकूर निरनिराळ्या खासगी फाँटमध्ये टंकित केला. कागदावर तो मराठी दिसे, पण संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरांची निरर्थक रांग असे. तसा मजकूर शोधयंत्राला वाचता येत नाही. युनिकोडमध्ये लिहिलेला मजकूर मात्र जगातील कोणत्याही यंत्राला मराठी म्हणूनच कळतो. ‘उपवासाची भाजणी’ असे कोणी मोबाईलवर शोधले, तर तुमचे पान त्याला सापडावे यासाठी ते शब्द युनिकोडमध्ये आणि प्रत्यक्ष अक्षरांत असायला हवेत. सुंदर चित्रावर कोरलेली अक्षरे शोधात येतीलच, याची हमी नाही. जुनी माहितीपत्रके असतील तर ती युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्या. भारतीय भाषांच्या संगणकीकरणात मोलाचे काम केलेली, १९८८ मध्ये स्थापन झालेली सी-डॅक ही संस्था आपल्या पुण्यातलीच आहे. साधने आहेत, ती वापरण्याचे कष्ट आपण घ्यायचे.

वर्णन कसे लिहावे? बातमी लिहिताना आम्ही कोण, काय, कोठे, केव्हा, कसे या प्रश्नांची उत्तरे देतो. तीच पद्धत येथे लावा. गोधडी असेल तर लांबी-रुंदी किती, वजन किती, आतला थर कशाचा, रंग जातो का, घरच्या यंत्रात धुता येते का, पोहोचायला किती दिवस लागतील. आणि एक प्रश्न अधिक : ही वस्तू काय नाही? ‘हातशिलाई असल्याने टाके यंत्रासारखे समान नसतील’ हे आधीच लिहिले, तर तीच गोष्ट तक्रार न ठरता वस्तूची ओळख ठरते. ‘सर्वोत्कृष्ट’, ‘अप्रतिम’, ‘एकमेवाद्वितीय’ ही विशेषणे सरळ खोडून टाका. त्यांतून ग्राहकाला कोणतीही माहिती मिळत नाही.

छायाचित्रासाठी महागडा कॅमेरा नको. सकाळी खिडकीजवळच्या उजेडात, मागे साधी पांढरी चादर लावून, मोबाईलनेच काढा. एक चित्र पूर्ण वस्तूचे, एक जवळून पोत दिसेल असे आणि एक आकाराचा अंदाज येईल असे, म्हणजे शेजारी एखादी नेहमीची वस्तू ठेवून काढलेले. आता कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने क्षणात वर्णन लिहून देतात, चित्रही रंगवून देतात. मसुद्यासाठी, शुद्धलेखनासाठी, हिंदी-इंग्रजी रूपांतरासाठी त्यांचा लाभ अवश्य घ्यावा. परंतु यंत्राने लिहिलेला प्रत्येक आकडा व दावा स्वतः पडताळावा. आणि यंत्राने रंगवलेले चित्र आपल्या मालाचे म्हणून दाखवू नये. ग्राहकाच्या हाती अखेर खरी वस्तूच पडणार आहे.

दहा गोधड्यांचा हिशेब

आता ज्या कारणाने सर्वाधिक धंदे बुडतात, त्याकडे वळू. ते कारण तंत्रज्ञानाचे नाही, अंकगणिताचे आहे. केवळ उदाहरणादाखल आकडे घेऊ. कर तूर्त बाजूला ठेवू.

एक गोधडी १,५०० रुपयांना विकायची आहे. कापड व इतर साहित्य ५०० रुपये, शिलाईची मजुरी ३५०, वेष्टन ४०, कुरिअर १३० आणि विक्रीमंचाचे दलाली शुल्क १५ टक्के धरले तर २२५. एकूण खर्च १,२४५ रुपये. हाती राहिले २५५. नवउद्योजक येथेच थांबतो आणि महिन्याला शंभर गोधड्या म्हणजे साडेपंचवीस हजार, असा मनोरा रचतो.

आता प्रत्यक्ष व्यवहार पाहा. दहा गोधड्या पाठवल्या. एक परत आली. ग्राहक घरी नव्हता, किंवा माल दारात आल्यावर पैसे द्यायचे होते आणि त्याचे मन बदलले. नऊ विकल्या, त्यांचे २,२९५ रुपये सुटले. परत आलेल्या गोधडीवर जाण्या-येण्याचे कुरिअर २६० आणि वेष्टन ४०, असे ३०० गेले. राहिले १,९९५. प्रवासात ती मळली वा फाटली आणि पुन्हा विकण्याजोगी उरली नाही, तर साहित्य व मजुरीचे ८५० आणखी गेले. राहिले १,१४५. दर मागणीमागे १०० रुपये जाहिरातीला लागले असतील, तर आणखी हजार वजा. दहा गोधड्यांमागे शिल्लक १४५ रुपये! यात तुमच्या स्वतःच्या श्रमाचा, वीज व मोबाईलच्या खर्चाचा एक पैसाही धरलेला नाही. आणि अशात सणाच्या सवलतीत शंभर रुपये किंमत उतरवली की प्रत्येक गोधडी तोट्यात जाते. विक्री वाढते तसा तोटाही वाढतो, आणि वाढत्या विक्रीच्या आनंदात तो दिसत नाही.

यावर उपाय आहेत. पहिला, परत येणाऱ्या मालाचे प्रमाण नोंदवून ते किमतीतच धरा. दुसरा, आगाऊ पैसे देणाऱ्याला लहानशी सवलत द्या. दारात पैसे घेण्याची पद्धत ठेवायचीच असेल, तर माल पाठवण्यापूर्वी फोन करून मागणी व पत्ता पक्का करा. तिसरा उपाय वेष्टनाचा आहे आणि तो फार थोड्यांना ठाऊक असतो. कुरिअरवाले नुसते वजन पाहत नाहीत, आकारमानही पाहतात. लांबी, रुंदी व उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन त्यांचा गुणाकार करायचा आणि त्याला ५,००० ने भागायचे, ही सर्रास वापरली जाणारी रीत आहे. येणारा आकडा म्हणजे किलोग्रॅम. दोन किलोची गोधडी ४५ बाय ४० बाय १५ सेंटिमीटरच्या खोक्यात फुगवून घातली, तर तिचे भाडे ५.४ किलोचे लागते. तीच घट्ट दाबून हवा काढलेल्या पिशवीत ६ सेंटिमीटर उंचीत बसवली, तर हिशेब २.१६ किलोचा होतो. गोधडी तीच, गाव तेच, पण भाडे निम्म्याहून कमी वजनाचे.

चौथा उपाय जुना आणि आपल्या परिचयाचा आहे. १९७५ मध्ये सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने कुटुंबांचे गट करून, त्यांची मागणी आधी नोंदवून मग माल आणण्याची पद्धत वर्षानुवर्षे चालवली. मागणी आधी आणि खरेदी नंतर, हे तिचे सूत्र. घरगुती खाद्यपदार्थ करणाऱ्या भगिनींनी हेच करावे. बुधवारी मागणी घ्यावी, गुरुवारी-शुक्रवारी करावे, शनिवारी एकाच फेरीत वाटावे. माल शिळा होत नाही, भांडवल अडकत नाही आणि जाहिरात जवळजवळ लागत नाही.

कागदपत्रांचे भय नको, आळसही नको

‘उद्यम’ ही सूक्ष्म व लघु उद्योगांची नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू आहे. ती शासनाच्या अधिकृत संकेतस्थळावर, स्वयंघोषणेने आणि पूर्णतः विनामूल्य होते. तिच्यासारखी दिसणारी पाने उघडून हजार-दोन हजार उकळणारी मंडळी बाजारात आहेत. पैसे मागितले की पान बंद करा. या नोंदणीचा एक मोठा लाभ असा की तुम्ही उत्पादक वा सेवा देणारे सूक्ष्म-लघु उद्योजक असाल, तर २००६ च्या कायद्यानुसार खरेदीदाराने तुमचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायला हवेत. ते थकल्यास शासकीय व्यवस्थेत तक्रार करता येते.

वस्तू व सेवा कराबाबत गोंधळ फार आहे. महाराष्ट्रात मालासाठी वार्षिक उलाढाल ४० लाख आणि सेवेसाठी २० लाख ही सर्वसाधारण मर्यादा. परंतु राज्याबाहेर माल विकायचा तर साधारणतः पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते. काही हस्तकला वस्तूंना अटींसह सवलत आहे. राज्यातल्या राज्यात विक्रीमंचावरून माल विकणाऱ्या लहान विक्रेत्यांना १ ऑक्टोबर २०२३ पासून नोंदणीऐवजी केवळ नावनिशी करून विकण्याची मुभा मिळाली आहे. आपल्या मालाला काय लागू आहे, हे करसल्लागाराला एकदा फी देऊन विचारून घ्या. ही फी पुढच्या दंडापेक्षा नेहमीच स्वस्त पडते.

खाद्यपदार्थ विकणार असाल, तर अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाची नोंदणी घरच्या स्वयंपाकघरालाही लागते. चौदा आकडी क्रमांक वेष्टनावर छापावा लागतो. वैधमापनाच्या २०११ च्या नियमांनुसार बंद पाकिटावर उत्पादकाचे नाव व पत्ता, निव्वळ वजन, उत्पादनाचा महिना व वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क हवा. ऑनलाइन विक्रीच्या पानावरही यांतील बहुतेक तपशील दाखवावे लागतात.

आणखी एक साधन आपल्या भूमीनेच आपल्याला दिले आहे, ते म्हणजे भौगोलिक मानांकन. कोकणच्या हापूसला ते २०१८ मध्ये मिळाले. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये, महाराष्ट्र व कर्नाटकातील आठ जिल्ह्यांसाठी मिळून लाभले. २०२५ च्या जूनमध्ये इटलीतील एका विख्यात फॅशन कंपनीने तशाच चपला मिरवल्या, तेव्हा देशभर संताप व्यक्त झाला आणि त्या रचनेमागे भारतीय कारागिरीची प्रेरणा असल्याचे तिला मान्य करावे लागले. संताप योग्यच होता. परंतु मानांकन हे प्रमाणपत्र भिंतीवर लावण्यासाठी नसते. प्रत्येक बागायतदाराने व कारागिराने ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून स्वतंत्र नोंद करावी लागते, तेव्हाच ती खूण त्याला आपल्या मालावर वापरता येते. परप्रांतीचा आंबा ‘देवगड’ म्हणून विकला जातो, अशी आपली तक्रार असते. तिचे उत्तर प्रत्येक पेटीवर आपली नोंदणीकृत ओळख लावण्यात आहे.

पैसे घेताना सावध

एप्रिल २०१६ मध्ये यूपीआय आले आणि रस्त्यावरच्या भाजीवाल्यापासून सर्वांना घरबसल्या पैसे स्वीकारता येऊ लागले. या सोयीबरोबर ठगही आले. तीन नियम पाठ करा. पैसे स्वीकारण्यासाठी पिन कधीच लागत नाही. तो फक्त देण्यासाठी लागतो. पैसे भरल्याचे छायाचित्र हा पुरावा नव्हे, आपल्या खात्यातील नोंद हाच पुरावा. आणि ‘चुकून जास्त रक्कम पाठवली, उरलेली परत करा’ असे कोणी म्हटले, तर आधी खाते उघडून पाहा.

एका विशिष्ट फसवणुकीचा उल्लेख करणे मला आवश्यक वाटते, कारण ती आपल्यासारख्यांच्या भावनेवरच घाला घालते. दूरध्वनी येतो, ‘मी सैन्यात आहे, आमच्या तुकडीसाठी पन्नास डबे हवेत’ किंवा ‘दोनशे लाडू हवेत’. ओळखपत्राचे छायाचित्र येते, गणवेशातील फोटो येतो. जवानाला नाही कसे म्हणायचे? आपण भाव उतरवतो, माल तयार करतो. मग पैसे देण्यासाठी म्हणून एक क्यूआर कोड येतो आणि ‘हा स्कॅन करा, पिन टाका, आमच्या लष्करी खात्यात अशीच पद्धत आहे’ असे सांगितले जाते. पिन टाकताच खाते रिकामे होते. बंधु-भगिनींनो, गणवेशाचा आदर आपल्या रक्तात आहे आणि तो तसाच राहो. परंतु नियम गणवेश पाहून बदलू नका. फसवणूक झालीच, तर लाजून गप्प बसू नका. त्याच क्षणी १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर कळवा. जितक्या लवकर कळवाल, तितकी पुढच्या खात्यात गेलेली रक्कम गोठवली जाण्याची शक्यता अधिक.

दुसरी फसवणूक धंदा सुरू होण्यापूर्वीच होते. ‘घरबसल्या लाखो कमवा’ असे सांगणारे महागडे प्रशिक्षणवर्ग, माल न विकता केवळ माणसे जोडून पैसे देणाऱ्या साखळ्या, पसंती नोंदवण्याच्या कामाचे पैसे देतो म्हणून आधी ठेव मागणारे दूरध्वनी. साखळी योजनांना २०२१ च्या थेट विक्री नियमांनी स्पष्ट मनाई आहे. ओळखावे कसे? एकच प्रश्न विचारा : अखेरचा ग्राहक कोण, आणि तो पैसे कशासाठी देतो? उत्तर ‘तुमच्याखाली जोडलेली माणसे’ असे आले, तर तेथून उठा. या योजना नेहमी ओळखीतूनच येतात. साडू, सहकारी, शाखेतील वा भजनी मंडळातील स्नेही. भिडेखातर पैसे गेलेच, तर त्यांच्याबरोबर संबंधही जातात.

कर्ज लागले, तर २०१५ पासूनच्या मुद्रा योजनेत तारणाविना दहा लाखांपर्यंत, आणि पूर्वीचे कर्ज फेडलेल्यांना २०२४ पासून वीस लाखांपर्यंत सोय आहे. त्यासाठी थेट बँकेत जावे, मध्यस्थ नको. घरची पूर्ण साठवण धंद्यात ओतू नका. सहा महिन्यांचा घरखर्च वेगळा ठेवा आणि त्याला हात लावणार नाही, असे घरातील सर्वांसमोर ठरवा. आई वा पत्नी यांना हा हिशेब माहीत असलाच पाहिजे.

पत कशी उभी राहते

१९५९ मध्ये गिरगावात सात गृहिणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले. तीच पुढे ‘लिज्जत’ म्हणून देशाला परिचित झाली. प्रारंभी त्या दोन प्रतींचे पापड करीत, एक उत्तम आणि एक स्वस्त. त्यांचे मार्गदर्शक छगनबाप्पा यांनी सांगितले की एकच प्रत करा, उत्तम करा आणि तिच्यात तडजोड करू नका. ऑनलाइन विक्रेत्याला हा सल्ला दुपटीने लागू आहे, कारण येथे एका नाराज ग्राहकाचा अभिप्राय पुढच्या शेकडो ग्राहकांना दिसतो.

अभिप्राय वाईट आला, तर वाद घालू नका. चूक कोठे झाली ते विचारा, भरपाई करा आणि तेथेच थोडक्यात लिहा. मित्रांकडून खोटी स्तुती लिहवून घेण्याचा मोह टाळा. २०२० च्या ई-व्यापार नियमांनुसार विक्रेत्याने ग्राहक असल्याचे भासवून अभिप्राय लिहिणे निषिद्ध आहे. विक्रीमंचावरील विक्रेत्याने तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी आणि एका महिन्यात निवारण करावे, हेही त्याच नियमांत आहे. तुम्ही केवळ व्हॉट्सअॅपवर विकत असलात, तरी ही मुदत स्वतःला लावून घ्या. ग्राहकांचे क्रमांक व पत्ते ही ठेव आहे. ते दुसऱ्या विक्रेत्याला देणे, परवानगीवाचून समूहात ओढणे योग्य नाही. वैयक्तिक विदेच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि त्यांची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने ठरली आहे. आजच सवय लावलेली बरी.

आणि विक्रीमंच कितीही मोठा असला, तरी सर्व धंदा एकाच मंचावर ठेवू नका. त्याने शुल्क वाढवले किंवा तुमचे खाते काही कारणाने थांबवले, तर दाद लागेपर्यंत महिना उलटतो. ग्राहकांची स्वतःची यादी, स्वतःचे छोटेसे संकेतस्थळ आणि गावातील दोन दुकाने, असे तीन पाय तरी असावेत.

शेवटी एक गृहपाठ देतो. आज घरी गेल्यावर एक वही घ्या. पहिल्या पानावर आपल्या एका वस्तूचा वर सांगितला तसा पूर्ण हिशेब मांडा, परत येणाऱ्या मालासह. दुसऱ्या पानावर त्या वस्तूचे वर्णन एकही विशेषण न वापरता लिहा. तिसऱ्या पानावर नात्याबाहेरच्या पंचवीस जणांची नावे लिहा, ज्यांना ती खरोखर उपयोगी पडेल. पहिल्या पानावरची शिल्लक शून्याखाली आली, तर निराश होऊ नका. तो तोटा वहीतच झाला, तुमच्या ठेवीत नाही. किंमत, वेष्टन किंवा वस्तू बदला आणि पान पुन्हा लिहा. तिन्ही पाने जुळतील त्या दिवशी नवा मोबाईल क्रमांक घ्या आणि धंद्याला सुरुवात करा.